पान एकतीसवरची फुली

साइमीबाईंचं म्हणणं असं, की पुस्तक विकत घेणं म्हणजे पाहुण्याला घरात कोंडून ठेवणं. तो आला, दोन गोष्टी बोलला, कॉफी प्याला, की त्याला पुढच्या घरी जाऊ द्यावं. माझं म्हणणं असं, की चार आठवड्यांनी जायची तारीख घेऊनच जो पाहुणा येतो त्याच्याशी मनातलं कोण बोलेल? विकत घेतलेलं पुस्तक आपलं असतं. ते कोणी परत मागू शकत नाही. हे वाक्य मी बाईंना सव्वीस वर्षांत निदान दोनशे वेळा ऐकवलं असेल. आज ती दोनशेची दोनशे परत घेता आली तर बरं होईल.

बाई म्हणजे फिनलंडमधल्या आमच्या लेहमिवाराच्या शाळेच्या मास्तरीणबाई. वय एकोणऐंशी. निम्मा गाव त्यांच्या हाताखालून गेलेला, म्हणून उरलेला निम्माही त्यांना बाईच म्हणतो. मी उरलेल्यांतला. गावात मुलं संपली तशी शाळा बंद झाली, पालिकेने इमारत विकायला काढली, आणि बाईंनी ती राहायला घेऊन टाकली. पुस्तक विकत घ्यायला नको म्हणणाऱ्या बाईने अख्खी शाळा विकत घेतली, हा मुद्दा मी वादात वारंवार काढत असे. बाई म्हणत, "शाळा ग्रंथालयात मिळत नव्हती, तौनो."

मी तौनो. वीज कंपनीत मीटर वाचायला होतो. चौतीस वर्षं पंचक्रोशीतले मीटर वाचले आणि उरलेल्या वेळात पुस्तकं. मीटर बहुतेक घरांत अडगळीच्या खोलीत असतो आणि पुस्तकंही तिथेच असतात, त्यामुळे आमच्या भागात कोण किती सुशिक्षित आहे याची खरी माहिती शिक्षणखात्याकडे नाही, माझ्याकडे आहे. माझी स्वतःची नऊशेच्या वर पुस्तकं होती. ज्या क्रमाने घेतली त्या क्रमाने लावलेली, म्हणजे दुसऱ्या कोणाला त्यात काही सापडणं शक्य नव्हतं. आणि प्रत्येकाच्या समासात माझी पेन्सिल. बायको हेल्वी धडधाकट होती तोवर मी समासात पुस्तकाबद्दल लिहीत असे. ती आजारी पडली तेव्हा तिच्याबद्दल लिहायला लागलो. ती गेली त्याला आता चौदा वर्षं झाली. त्यानंतर मला बोलायला समास तेवढा उरला.

बाई फक्त बसमधली पुस्तकं वाचत. ग्रंथालयाची बस दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी दोन वाजून दहा मिनिटांनी आमच्याकडे यायची आणि दुधाच्या ओट्यापाशी पस्तीस मिनिटं थांबायची. दूध गोळा करणारी गाडी बंद होऊन चाळीस वर्षं झाली, पण दुधाचे कॅन ठेवायचा तो लाकडी ओटा अजून उभा आहे, कारण तो पाडायचा अर्ज कोणी करायचा ते ठरलेलं नाही. बस चालवायची तीही सिर्कू आणि पुस्तकं द्यायची तीही सिर्कूच. मोठी शांत बाई. तिने बर्फात बस अडकल्यावरही आवाज चढवलेला मी ऐकलेला नाही.

मी बसमधून वर्षाला पाच-सहा पुस्तकं नेत असे, जी मला विकत मिळाली नव्हती तेवढीच. त्यातूनच ती फुलीची गोष्ट सुरू झाली.

आमच्याकडे जुनी वाचणारी माणसं पुस्तकात खूण करतात. वय झालं की पन्नास पानं वाचून झाल्यावर लक्षात येतं, हे आपण वाचलंय. ते टाळायला प्रत्येकाचं एक पान ठरलेलं असतं. तिथे बारीकशी खूण करायची आणि पुढच्या वेळी नेण्याआधी ते पान उघडून बघायचं. असं करायला परवानगी नाही. सिर्कू तेवढ्या वेळात खिडकीतून बाहेर बघते. माझी खूण पान सत्तेचाळीस, आकड्याखाली एक टिंब. बाईंची खूण पान एकतीस, कोपऱ्यात छोटी फुली. ती त्यांची आहे हे त्यांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पण अशी काटेकोर फुली मास्तरणीशिवाय कोणाला जमणार नाही. चुकलेल्या गणितावर मारतात तसली ती होती.

मग मी ती शोधायला लागलो. एखाद्या पुस्तकात फुली असली की वाटायचं, हे वाक्य त्यांनीही वाचलं असेल, इथे त्या हसल्या असतील, इथे नाक मुरडलं असेल. नसली, तर मी आधी वाचून टिंब ठेवायचो, म्हणजे त्यांना पुढच्या महिन्यात ते भेटेल. भेटल्यावर आम्ही हवापाण्याबद्दल बोलत होतो, नाहीतर तोच विकतचं की उसनं हा वाद घालत होतो. एवढ्या वर्षांत दोघांपैकी कोणी त्याच्या पुढे गेलं नाही. जायची गरजही मला कधी वाटली नव्हती.

मग पालिकेचं पत्र आलं. ज्या थांब्यावरून वर्षाला पाचशेपेक्षा कमी पुस्तकं नेली जातील त्या थांब्यांचा दोन वर्षांनंतर फेरविचार होईल. पालिका 'फेरविचार' म्हणते तेव्हा पहिला विचार झालेला असतो.

बाईंनी नऊच्या नऊ घरांना शाळेत बोलावलं. पहिलीच्या वर्गात बाकं तीच होती, त्यामुळे सगळे म्हातारे गुडघे हनुवटीशी घेऊन बसले. बाईंनी फळ्यावर पाचशे लिहिलं, खाली नऊ लिहिलं आणि भागाकार करायला एन्सिओला उभं केलं. एन्सिओ माझा शेजारी. एल्कची, म्हणजे इकडच्या थोरल्या सांबराची, शिकार करतो, ट्रॅक्टर दुरुस्त करतो आणि त्रेसष्ट वर्षांचा आहे. तो म्हणाला, "बाई, हे मला एकोणीसशे त्र्याहत्तरमध्ये आलं नव्हतं." बाई म्हणाल्या, म्हणून तर आज पुन्हा विचारतेय.

घरटी छप्पन्न पुस्तकं निघाली. कोणीतरी म्हणालं, न्यायची आणि तशीच परत करायची, त्यात काय? बाईंनी खडू खाली ठेवला. न वाचता पुस्तक नेणं ही लबाडी आहे, असं त्यांनी सांगितलं, आणि लबाडीने थांबा टिकणार असेल तर तो गेलेला बरा. पातळ पुस्तकं चालतील, पण वाचायची. एन्सिओने हात वर करून विचारलं, चित्रांचीही? चित्रांचीही, म्हणाल्या.

मग मला उभं केलं.

"तौनो, तुझ्या घरात नऊशे पुस्तकं आहेत. ती आहेत तोवर तू बसमधून वर्षाला सहा नेणार, आणि तीही माझी खोडी काढायला."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं की ती माझी आहेत. बाई म्हणाल्या, तेच तर दुखणं आहे.

मी तीन आठवडे विचार केला. खरं सांगायचं तर बस गेली असती तरी माझं काही अडणार नव्हतं. गाडीचा परवाना डॉक्टरांनी काढून घेतला होता, कारण मी स्वतःच्याच टपालपेटीवर दोनदा गाडी घातली आणि दुसऱ्या वेळी टपालवाला शेजारी उभा होता. जवळचं ग्रंथालय अडतीस किलोमीटरवर. पण माझ्याकडे नऊशे पुस्तकं होती. बाईंकडे भिंतीवरचे नकाशे होते. बस गेली की बाईंनी काय वाचायचं, आफ्रिका?

माझी वाचायला न्या, असं मी एकदा सुचवून पाहिलं होतं. खाजगी पुस्तक आपण नेत नाही, असं त्यांनी कळवलं. त्याला परत द्यायची तारीख नसते, मग माणसं आयुष्यभर एकमेकांकडे बघून अवघडतात.

तेव्हा मी पुस्तकं देऊन टाकली. हे लिहायला एक ओळ लागली. करायला दोन दिवस लागले. दुकानातून केळ्यांचे त्रेचाळीस खोके आणले. आमच्याकडे पुस्तकं हलवायला दुसरं काही वापरत नाहीत, आणि त्या खोक्यांना वर धरायला भोकं असतात, त्यातून शेवटपर्यंत पुस्तकांचे कोपरे दिसत राहतात. एन्सिओने ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली. चर्च असलेल्या मोठ्या गावी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, तिथे जायची होती. बाई म्हणाल्या, मी बरोबर जाते, तिथली माणसं पुस्तकांच्या किमती वजनावर लावतात. मला ते बरं वाटलं. कोणी जाणतं माणूस सोबत असलेलं चांगलं. माझ्याकडे मी १९९४ची टेलिफोनची यादी तेवढी ठेवली. तिला गिऱ्हाईक मिळालं नसतं.

आठवड्याने एन्सिओने पाकीट आणून दिलं. आत दोनशे दहा युरो होते. मी त्यातून मासे धुरावर भाजायची नवी पेटी घेतली. नऊशे पुस्तकांच्या जागी एक पेटी, पण मासे चांगले होत होते.

पहिलं वर्ष छान गेलं, हे मला मान्य केलं पाहिजे. दर महिन्याच्या त्या गुरुवारी वाटाण्याचं सूप पिऊन मी ओट्यापाशी जायचो आणि दहा-बारा पुस्तकं घेऊन यायचो. पान एकतीस, फुली. पान एकतीस, फुली. बाई माझ्या पुढे होत्या, मी मागून चालत होतो. समासात मी लिहीत नव्हतो, कारण पुस्तक माझं नव्हतं. त्याचीही सवय झाली. एन्सिओ प्रत्येक वेळी चित्रांची वीस पुस्तकं नेत होता आणि नेमाने वाचत होता. त्यातल्या एका अस्वलाच्या मुलीचा हातमोजा हरवतो, त्या गोष्टीबद्दल त्याने मला सौनाच्या वाफेत बसून पाऊण तास सांगितलं. वर्षाअखेर आकडा पाचशे सदतीस निघाला. सिर्कूने बसमध्ये क्रीमचा केक आणला.

दुसऱ्या वर्षी मार्चच्या सुमारास फुल्या थांबल्या.

आधी मला वाटलं, बाईंची निवड बदलली असेल. मी इतिहास बघितला, प्रवास बघितला, शेवटी विणकामाच्या कप्प्यातही पान एकतीस उघडून पाहिलं, तेव्हा सिर्कूलाही खिडकीतून बाहेर बघणं जड गेलं. पण बाई तर येत होत्या. दर खेपेला त्यांची हिरवी कापडी पिशवी भरलेली चढायची आणि भरलेली उतरायची. मग मला कळलं, किंवा कळलं असं वाटलं. त्यांचे डोळे गेले होते. बाई पुस्तकं नेत होत्या, पण वाचत नव्हत्या. थांब्यासाठी ओझं वाहत होत्या. न वाचता नेणं लबाडी, असं सगळ्यांसमोर म्हणालेल्या बाईवर ही वेळ यावी, याचं मला फार वाईट वाटलं. विचारायचा प्रश्न नव्हता. आमच्याकडे माणसाला डोळ्यांबद्दल आणि मताबद्दल विचारत नाहीत.

जानेवारीत सिर्कूने बसचं इंजिन बंद केलं आणि सांगितलं, आकडा चारशे एक्केचाळीस. पालिकेला कळवावा लागला. जूनमधली फेरी शेवटची.

 मग सगळे एकदम एकमेकांकडे बघायला लागले. नऊ घरं, आणि कोणीतरी नेली नव्हती. बाई पिशवी छातीशी धरून उभ्या होत्या.

मी सिर्कूला बाजूला घेऊन विचारलं, कोण? ती म्हणाली, कोणी काय नेलं आणि किती नेलं हे ती मेली तरी सांगणार नाही, तिने तशी शपथ घेतली नसली तरी घेतल्यासारखीच आहे. मग थोडं थांबून म्हणाली, "तुम्ही नाही. एवढं सांगते."

माझा संशय एन्सिओवर गेला. गाढवासारखा गेला. मी त्याच्या घरी जाऊन म्हटलं, वीस-वीस चित्रांची पुस्तकं तू वर्षभर वाचत होतास हे मला खरं वाटत नाही. त्याने मला सौनाच्या बाहेरच्या खोलीत नेलं. तिथे खिळ्याला बसच्या चिठ्ठ्या टोचलेल्या होत्या, प्रत्येकीवर वीस पुस्तकं, तारखेसकट, दोन वर्षांच्या.

"हातमोज्याचं चार वेळा नेलंय," तो म्हणाला. "परीक्षा घे हवी तर."

मी माफी मागितली. मग सांगितलं की तसं बघितलं तर दोष कोणाचाच नाही, बाईंचे डोळे गेले आहेत आणि मी त्यांच्यासाठी भिंगाचा दिवा मागवला आहे, उद्या नेऊन देणार आहे.

एन्सिओने टोपी काढली, आत बघितलं, पुन्हा घातली.

"बाईंच्या डोळ्यांना काही झालेलं नाही," तो म्हणाला. आणि एल्कच्या मांसाची एक बंद बरणी माझ्या हातात देऊन दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दिव्याचं खोकं बर्फावर पायाने ढकलायच्या घसरगाडीवर बांधलं आणि शाळेकडे निघालो. दाराला झाडू टेकवलेला होता. झाडू दाराला टेकवला म्हणजे घरात कोणी नाही. कुलूप आमच्याकडे कोणी लावत नाही, झाडू पुरतो. दिवा बाहेर थंडीत ठेवला तर काच तडकेल, म्हणून तो आत वर्गात ठेवावा आणि गुपचूप परत यावं असं ठरवून मी झाडू बाजूला केला. चांगलं काम करणाऱ्या माणसाने झाडू बाजूला करू नये, हे मी त्या दिवशी शिकलो.

वर्गाच्या लांब भिंतीला, जिथे पूर्वी मुलं कसरती करायची त्या लाकडी दांड्या होत्या, तिथे आता फळ्या होत्या. फळ्यांवर माझी पुस्तकं होती.

मला ती ओळखायला कणे वाचावे लागले नाहीत. ती माझ्या क्रमाने होती. सत्तरमध्ये घेतलेलं पहिलं डावीकडे वर, हेल्वीच्या शेवटच्या वर्षातली खिडकीजवळ, शेवटचं उजवीकडे खाली. जो क्रम दुसऱ्या कोणाला लावता येणार नाही असा माझा समज होता, तो लावलेला होता. खोक्यांतून निघाली तशी ठेवली की झालं, एवढं सोपं होतं ते. बाकावर बाईंची हिरवी पिशवी होती. मी तिच्यात बघितलं. आत माझीच आठ पुस्तकं. वर्षभर त्यांनी माझी पुस्तकं बसमध्ये चढवली होती आणि माझीच उतरवली होती.

बाई सरपण घेऊन मागच्या दाराने आल्या. मला बघून त्यांनी लाकडं खाली ठेवली, एकावर एक, नीट.

"झाडू दिसला नाही?"

"दिसला." मग मी म्हटलं, "डोळे कसे आहेत?"

"चांगले आहेत."

"मग हा दिवा परत पाठवतो."

त्या पुढच्या बाकावर बसल्या. मीही बसलो, दुसरं काय करणार, गुडघे हनुवटीशी घेऊन. माझी पुस्तकं बाजारात द्यायला निघाली होती, असं मी म्हटलं. ती तिथपर्यंत गेलीच, असं बाई म्हणाल्या. बाजाराच्या बाईने दोनशे दहा सांगितले, तेवढे देऊन त्यांनी तीच ट्रॉली मागे वळवली. पावती आहे. एन्सिओला सांगितलं, तौनोला कळू देऊ नकोस. आयुष्यात पहिल्यांदा पुस्तकं विकत घेतली आणि ती एकदम नऊशे घेतली.

"परत द्या," मी म्हटलं.

"विकत घेतलेलं पुस्तक आपलं असतं, तौनो. ते कोणी परत मागू शकत नाही."

"हे माझं वाक्य आहे."

"तुझंच. दोनशे वेळा ऐकल्यावर पटलं."

मी बसबद्दल विचारलं. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मान खाली घातली. पहिल्या वर्षी सदतीस जास्त झाली होती, म्हणाल्या, वाटलं तुम्ही सगळे मिळून ओढाल. मी म्हटलं, त्यातली शंभर तुमची होती, आणि भागाकार तुम्हाला येतो. त्या म्हणाल्या, येतो.

चुलीत लाकूड फुटलं. 

"एकच घेतलं होतं खोक्यातून," बाई म्हणाल्या. "म्हटलं बघू तरी. समासात तू होतास. मग दुसरं घेतलं. बसच्या पुस्तकात तुझं एक टिंब असायचं, तौनो. टिंबावरून माणसाचं काय कळतं?"

म्हणजे टिंब त्यांना माहीत होतं. या गोष्टीची मी इतकी वर्षं वाट बघितली होती, आणि ती अशी यावी.

"किती वाचलीत?"

"सहाशे बारावं चालू आहे."

"हेल्वीचं वाचलंत."

"वाचलं."

"सगळं?"

"दोनदा."

मी पुस्तकं दिली तेव्हा माझा हिशेब असा होता, की ती सुटी सुटी जातील. एक कोणी घेईल, दुसरं कोणी. कोणाला एका समासात पाऊस सापडेल, कोणाला दवाखान्याची एक तारीख, आणि त्या सगळ्या माणसांना एकत्र करून माझ्याबद्दल काही विचारणं कोणालाही शक्य होणार नाही. अनोळखी माणसांना मी ते आनंदाने दिलं होतं. अख्ख्या फिनलंडमध्ये एकच माणूस असं होतं ज्याच्या हाती ते सलग पडायला नको होतं. कारण त्यात ते माणूसही होतं. निदान तीन ठिकाणी.

"वाचायला ने की," बाई म्हणाल्या. आवाज मास्तरणीचा होता, पण त्याला नेहमीची धार नव्हती. "चार आठवडे ठेव. मी तारीख घालून देते, म्हणजे अवघडायला नको."

मी उठलो. गुडघ्यांनी वेळ लावला, त्यामुळे जायचं होतं तसं ताडकन जाता आलं नाही. दिवा घेतला. बाहेर पडून झाडू होता तसा दाराला टेकवला. आत बाई होत्या, चूलही पेटलेली होती, पण मला तो झाडू बरोबरच वाटला.

गावात मी कोणाला सांगितलं नाही. हा माझा मोठेपणा नव्हे. सांगायचं तर समासांबद्दलही सांगावं लागलं असतं. गावाने कमी पडल्याचा दोष एन्सिओला दिला, आणि त्यानेही तो घेतला. पाकीट त्याने आणून दिलं होतं, त्यामुळे आपला थोडा वाटा आहे असं त्याला वाटत असावं. आम्ही अजून एकत्र सौना घेतो, पण तो हातमोज्याबद्दल बोलत नाही.

जूनमधल्या शेवटच्या फेरीला नेता काहीच येत नव्हतं, फक्त परत करायचं होतं. सगळे रिकाम्या हातांनी बसमधून उतरले. बाई आल्या नाहीत. सिर्कूने माझा हात हातात घेतला आणि म्हणाली की एवढ्या वर्षांत तिला कळलंच नाही, ते सत्तेचाळीसवरचं टिंब कोणाचं. मग ती बसमध्ये चढली आणि पस्तीस मिनिटं व्हायच्या आधीच निघाली.

उन्हाळाभर मी मासे भाजले. टेलिफोनची यादी 'क'पर्यंत वाचली. तिच्यातली बरीच माणसं माझ्या मीटरची होती, आणि बरीच आता नव्हती. सप्टेंबरातल्या एका गुरुवारी सूप पिऊन झालं, घड्याळात दोन वाजायला आले, आणि माझे पाय ओट्याकडे निघाले. ओटा होता. बस नव्हती. पाय पुढे शाळेपर्यंत गेले.

दाराला झाडू नव्हता. बाई टेबलाशी होत्या. मी खिडकीजवळच्या फळीवरून एक पुस्तक काढलं, माझंच, हेल्वीच्या शेवटच्या हिवाळ्यातलं. बाईंनी टेबलाच्या खणातून शाळेचा तारखेचा शिक्का काढला, शाईच्या गादीवर दाबला आणि चार आठवड्यांनंतरची तारीख मारली. पुस्तकात नव्हे, वेगळ्या चिठ्ठीवर. मी आभार मानले नाहीत.

घरी येऊन आधी पान एकतीस उघडलं. फुली होती. काटेकोर.

मग माझ्या समासांकडे आलो. माझ्या पेन्सिलीखाली दुसरी पेन्सिल होती, टोकदार, सरळ रेषेत. साठ वर्षं ज्या बाईने फुलीपलीकडे पुस्तकात काही लिहिलं नाही, तिने माझ्या प्रत्येक टिपणाला उत्तर दिलं होतं. एका ठिकाणी 'हे खरं नाही'. एका ठिकाणी 'हेल्वीने मला वेगळं सांगितलं होतं', आणि पुढे काय सांगितलं होतं ते, चार ओळींत. जिथे मी लिहिलं होतं की शाळेवरून जाताना खिडकीत दिवा दिसला आणि आत जावंसं वाटलं पण गेलो नाही, तिथे फक्त 'का?'

हेल्वीने त्यांना जे सांगितलं होतं ते मी दोन-तीनदा वाचलं. ते चुकीचं होतं. म्हणजे हेल्वी तसं म्हणाली असेल, पण का म्हणाली हे मला माहीत होतं, आणि बाईंना माहीत नव्हतं, आणि खाली समासात अजून दोन बोटं जागा होती. मी पेन्सिल घेतली. चाकूने टोक काढलं.

मग बसून राहिलो. पुस्तक चार आठवड्यांनी परत द्यायचं होतं. ते माझं नव्हतं. उसन्या पुस्तकात लिहायचं नसतं.

मी ते एक दिवस उशिरा परत केलं. मुद्दाम.